चाकाच्या सांध्यावरची रेघ

"हाय असं म्हणत नाय. पण नाय असंबी म्हणत नाय." एवढं बोलून काका टॉर्च बंद करायचे, चष्मा कपाळावर ढकलायचे आणि निकाल समोरच्यानेच द्यायचा असल्यासारखे त्याच्याकडे बघत बसायचे.

आता तुम्हीच सांगा, विमान तपासणाऱ्या इन्स्पेक्टरने असं बोलून कसं चालेल? नाशिकबाहेरच्या आमच्या कारखान्यात दुरुस्तीला विमानं यायची. नव्वदच्या दशकात मी तिथे फिटर होतो आणि हे आमचे इन्स्पेक्टर. सगळे त्यांना काका म्हणायचे. मखमलाबादकडचे, घरचा भाजीचा मळा, त्यामुळे कंपनीच्या बसमध्ये ते चढले की कोथिंबिरीचा वास यायचा. त्यांचा शिक्का बसल्याशिवाय विमान शेडबाहेर पडत नसे.

कॅन्टीनमध्ये आमटीत मीठ कमी आहे का विचारलं, तरी हेच उत्तर. मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांनी "मग आमचा मुलगा पसंत समजायचा का?" असं विचारलं, तेव्हाही काका हेच बोलले. पाहुणे चहा न घेताच उठले. काकूंनी पुढे कित्येक दिवस अबोला धरला होता.

तर एकदा एका विमानाच्या पुढच्या चाकाच्या सांध्यावर त्यांना केसाएवढी रेघ दिसली. मला दिसली नाही. मग दिसली. टॉर्च जरा तिरका धरला तर परत गेली. नुसता ओरखडा असेल तर काहीच बिघडत नव्हतं, पण भेग असेल तर विमान उतरताना चाक मोडणार. आम्ही सांध्यावर लाल रंग लावून पुसला. भेग असली की आत शिरलेला रंग पुन्हा वर येतो. पहिल्यांदा किंचित गुलाबी दिसलं, दुसऱ्यांदा काहीच नाही. माझं डोकं इतकं भंजाळलं की घरी जेवताना ताटावरचे ओरखडेसुद्धा मला भेगा वाटायला लागले.

शेवटी साहेब वैतागले. "काका, चाचणीत काही नाही. शिक्का मारा. नाहीतर तुमचा शिक्का काढून घेतो आणि टूल स्टोअरला बसवतो."

तो शिक्का काकांनी उमेदीची सगळी वर्षं फिटरकीत घालवून मिळवला होता. त्यांनी तो खिशातून काढला, पुन्हा ठेवला. "साहेब, मला कळंना झालंय बघा."

ते घाबरले होते, की हट्टाला पेटले होते, मला सांगता यायचं नाही. तेवढ्यात पायलट आला. चाचणीचं उड्डाण त्याचं होतं. माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा मुलगा. त्याने सरळ विचारलं, "काका, मी जाऊ का?"

काकांनी चष्मा कपाळावर ढकलला. मग म्हणाले, "नको जाऊ, पोरा."

त्यांच्या तोंडून इतकं सरळ उत्तर आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. सांधा बदलला. विमान रखडलं, साहेबांना वरून बोलणी बसली. काढलेला सांधा प्रयोगशाळेत कापून बघितला. साहेबांनी निकाल पायलटसकट सगळ्यांसमोर वाचला. भेग नव्हती. साधा ओरखडा.

पुढे निवृत्त होईपर्यंत काका टूल स्टोअरच्या खिडकीत बसून पाने आणि पकडी देत राहिले. आता ते नाहीत. ते चुकले होते का, असं कुणी विचारलं तर मी हो म्हणतो, आणि म्हणताना मला कसंतरीच होतं. त्यांना शिक्का गेल्याचं किती लागलं, हेही मी कधी विचारलं नाही.

कारण निकाल ऐकल्यावर मी त्यांचं सांत्वन करायला पुढे झालो होतो, तोच काकांनी शिक्का साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि पायलटला जवळ ओढून त्याच्या पाठीवर थापा मारत ते म्हणाले, "लय बरं झालं! तू गेला असतास तरी परत आला असतास की रे!" बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते हसत होते.