मेजरची पांदण

मेजर म्हटलं की काका चिडायचे. "मेजर कायले म्हनता? मी नायक होतो, अन् तोही लंगरातला. खरा मेजर आयकन तर मले उलटा टांगन." पण आमचं गाव ऐकेल तर शपथ. फौजेतून आला तो मेजर, संपलं. पंधरा ऑगस्टला गावचे पुढारी, ज्यांना सगळे नुसतं 'भाऊ' म्हणतात, काकांना फेटा बांधून माईकवरून सांगायचे की यांनी शत्रूला धूळ चारली. काका माईक ओढून म्हणायचे, "म्या पोया लाटल्या." लोक हसायचे, टाळ्याही वाजवायचे.

काकांचं वावर पांदणीच्या शेवटाला आणि आमचं त्याला लागून. मधल्या सगळ्या वावरांचे मालक भाऊ. दरसाल नांगराचे दोन तास, म्हणजे दोन सऱ्या, आत, पुन्हा दोन तास आत असं करत भाऊंनी पांदणीची गाडीवाट गिळली. मग काका-काकूंनी सोयाबीन डोक्यावरून धुऱ्याधुऱ्यानं, अरुंद बांधांवरून, काढायची. एका पावसाळ्यात काकू चिखलात पडली, ती पुढं सरळ चाललीच नाही.

काकांचं एकच म्हणणं असायचं, "बर्फात बी पयले रस्ता, मंग लंगर. रस्ता नसन त जवान उपाशी." तहसिलीत ते गेले की साहेब उठून उभे राहायचे, चहा पाजायचे, पांदणीची मोजणी पुढच्या महिन्यावर ढकलायचे. सलामाला काय लागतं हो? शेवटी काका भाऊंच्या ओसरीवर गेले. मी सोबत होतो. भाऊ हात जोडून म्हणाले, "मेजर, तुमी देश राखला. दोन तासाचं काय घेऊन बसले?"

"देश राखला न भाऊ," काका म्हणाले, "धुरा राखाचा राहून गेला."

ऐन चैत्रात काका झोपेतच गेले. आपल्या वावरातच जाळा, असं त्यांनी काकूला सांगून ठेवलं होतं. वाशिमहून मोठी माणसं येणार म्हटल्यावर भाऊंच्या अंगात आलं. त्यांच्या गाड्या धुऱ्यावरून कशा जाणार? सकाळीच जेसीबी लागला. दुपारपर्यंत पांदण मोकळी, वर मुरूम. तोंडाशी बॅनर लागला: 'शहीद मेजर'. घरात झोपेत गेलेला माणूस शहीद! बॅनरवर भाऊंचा फोटो काकांच्या दुप्पट होता. मला रडू आलं नाही, संताप आला. काकू तेवढी जेसीबीकडं बघत राहिली आणि म्हणाली, "एवढुसंच काम होतं काय बाप्पा हे?"

तेरवी झाली. मृगाच्या तोंडावर भाऊंचा ट्रॅक्टर पांदणीत शिरला, मुरूम खरडून बांधाला लावला आणि सोयाबीन पेरून मोकळा झाला. मी आडवा गेलो. म्हटलं, भाऊ, हे काय करून राह्यले?

भाऊ शांतपणे म्हणाले, "मेजर गेले. आता तिकडं कोन जाते, सांग बरं?"

काकू त्यांच्याच मागून, बियाण्याची थैली डोक्यावर घेऊन, लंगडत धुऱ्यानं चालली होती.