उस्तादांची चापट

आमच्या गावात फोटो काढून घ्यायचा तर आधी मार खावा लागे. उस्ताद कॅमेऱ्यावरच्या काळ्या फडक्याखालून बाहेर येत, गिऱ्हाइकाची हनुवटी चिमटीत धरत, मान कटकन वाजेपर्यंत फिरवत, आणि एवढं करूनही चेहरा मनासारखा झाला नाही तर गालावर एक चापट ठेवून देत. मग पुन्हा फडक्याखाली जात. त्या चापटीनंतर माणूस जसा दिसे तसा तो एरवी कधी दिसत नसे. डोळे उघडे, तोंड मिटलेलं, आणि आपण कोण आहोत याचा क्षणभर पुरता विसर पडलेला. उस्ताद म्हणत, "कॅमेऱ्याम्होरं आला की जो तो मामलेदार हुतो. ती मामलेदारी उतरवाया लागती. मग खाली मानूस निघतो. कवातरी."

प्रवरेकाठच्या त्या तालुक्याच्या गावी मी शाळामास्तर म्हणून बदलून आलो तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. भाड्याचं घर मिळालं ते उस्तादांच्या स्टुडिओच्या भिंतीला भिंत लागून. उस्ताद जन्मानं मुसलमान आणि पिंडानं पहिलवान. दोन्ही कान कुस्तीत मोडून सुक्या अंजिरासारखे झालेले. सकाळी ते तालमीत पोरांना माती चारत आणि दुपारी फोटो काढत. या दोन धंद्यांचा एकमेकांशी संबंध काय, असं मी एकदा विचारलं, तर माझ्याकडे कीव आल्यासारखं बघून म्हणाले, "मास्तर, दोनीकडं मानूस धरून ठेवायचा असतो."

लोकांनी स्थिर राहावं यासाठी त्यांचं एकच वाक्य ठरलेलं होतं. "हालू नगं. हाललास तर तू न्हाईस." तेव्हा फोटो काचेवर निघे, आणि त्यांच्या काचा जुन्या आणि मंद असत. भिंगावरचं झाकण काढून पुन्हा लावेपर्यंत जो हलला तो फोटोत धुकं होऊन जाई. वीसेक वर्षांत उस्तादांनी सारा तालुका या वाक्यावर असा तयार केला होता, की त्यांनी हात वर केला की चालत्या वरातीतला घोडासुद्धा थांबे. राजूरच्या बाजारात डोंगरातली माणसं पाठीवरची ओझी न उतरवता श्वास रोखून उभी राहिलेली मी स्वतः पाहिली आहेत.

गावात एक रावसाहेब होते. युद्धफंडाला सढळ हातानं मदत केल्याबद्दल सरकारनं त्यांना ही पदवी दिली होती. छातीवर बिल्ला लावून ते फोटोला आले आणि त्यांनाही चापट बसली. दुसऱ्या दिवशी त्यांनी काठ्या घेऊन दोन गडी पाठवले. उस्तादांनी एकाला गटारात बसवलं आणि दुसऱ्याला स्टुडिओतल्या खुर्चीवर. खुर्चीवरच्याचं नाक फुटून मिशा भिजल्या होत्या. तो उपरण्याचं टोक नाकाकडे न्यायला लागला, तर उस्ताद फडक्याखालून म्हणाले, "पुसू नगंस. फोटोत रगत काळंच येतं, शाईवानी दिसंल. शिकलेला वाटशील."

मात्र उस्तादांचा खरा दरारा वर्षातून एकाच दुपारी दिसे. मुसलमानांचं वर्ष मोहरमला सुरू होतं आणि सरकारचं जानेवारीत. उस्तादांचं वर्ष पाडव्याच्या आदल्या दिवशी संपे, कारण लग्नसराईच्या आधी दुकान झाडावं लागे. त्या अमावास्येला ते सतरंजी अंथरून वर्षभराचे जादा फोटो तिच्यावर मांडत आणि दार सताड उघडं ठेवत. फोटोत जो कोणी असेल त्यानं यावं. उस्ताद स्टुलावर बसून वेताच्या छडीनं एकेक फोटो दाखवत आणि गावाचं वर्ष सांगत. हे पोर देवीच्या साथीत गेलं. हा लांबटांग्या पलटणीत गेला, अजून पत्ता नाही. एका वर्षी छडी एका लग्नाच्या जोडप्यावर थांबली. "ही हिरीत पडली म्हंत्यात," उस्ताद म्हणाले. "पडली न्हाई. ढकलली. ढकलनारा ह्यो शेजारी बसलाय, फेटा बांधून."

तो फेटेवाला त्या क्षणी सतरंजीच्या कडेला बसला होता. तो उठून धावला. छडी त्याच्या तोंडावर बसली तो आवाज मला अजून आठवतो. पोलिसांनी काही केलं नाही, पण त्या माणसाला पंचक्रोशीत दुसरी बायको मिळाली नाही. लोक त्या दुपारी भीतभीत येत, पण येत. न येणाऱ्याबद्दल लगेच चौकशी सुरू होई.

अठ्ठेचाळीसच्या जानेवारीअखेर दिल्लीत प्रार्थनेला निघालेल्या एका म्हाताऱ्या माणसावर गोळ्या झाडल्या गेल्या. मारणारा कोण हे आमच्या गावाला नीट कळलं नव्हतं तोवर उस्तादांच्या आळीनं दाराला कड्या लावल्या. मग ते कळलं, आणि कड्या लावायची पाळी आम्हां ब्राह्मणांवर आली. वरच्या आळीतली दोन घरं सकाळीच पेटली. मी ज्या पोरांना पाढे शिकवले त्यांचे बाप रॉकेलचे डबे घेऊन फिरत होते. शोक करण्याची ही रीत मी कुठल्याच पुस्तकात वाचलेली नव्हती.

दुपारी उस्ताद मधल्या दारानं आमच्याकडे आले आणि मला, माझ्या बायकोला आणि तिच्या कडेवरच्या सहा महिन्यांच्या मुलीला दंडाला धरून आपल्या काळ्या खोलीत नेऊन बसवलं. काचा धुवायच्या त्या खोलीला रस्त्याच्या बाजूनं एक लाल तावदान होतं. त्यातून जे दिसलं ते सगळं लाल दिसलं. पन्नासेक माणसं आमच्या दारापुढे उभी होती. सगळ्यांत पुढे खंडू. हा उस्तादांचा तालमीतला लाडका पट्ठा. उस्तादांच्या घरी जेवून वाढलेला. त्याच्या हातात पेटता टेंभा होता.

उस्ताद रस्त्यावर आले ते खांद्यावर कॅमेरा घेऊन. तिकाटण्याचे तिन्ही पाय रोवत ते वैतागल्या आवाजात म्हणाले, "असं गुरावानी काय उभं ऱ्हायलाय? उंच मागं व्हा. पुढचे खाली बसा."

"उस्ताद, बाजूला व्हा," खंडू म्हणाला. "आज तुमचं काम न्हाई."

"एवढं मोठं काम करताय आन् फोटो नगं? ते डबं खाली ठेव रं, चकाकी मारतंय. तू, टोपी नीट कर. मिशाळ्या, त्याच्या फुडं नगं येऊ, त्याची आई वळखनार न्हाई त्याला."

आणि मी पाहिलं की माणसं सरकायला लागली. एक जण बसला, मग त्याच्या शेजारचा. मागच्यांनी टाचा उंचावल्या. कुणीतरी सदऱ्याची गुंडी लावली. खंडूचा टेंभा वाकडा होता म्हणून उस्तादांनी पुढे जाऊन तो सरळ केला, त्याची हनुवटी धरली आणि एक चापट मारली. मग हात वर केला. "हालू नगं. हाललास तर तू न्हाईस."

पन्नास माणसं आमचं घर जाळायला आली होती आणि श्वास रोखून उभी होती. माझी बायको माझ्या कानाशी पुटपुटली, "हसू येतंय हो मला." तिनं मुलीच्या दुपट्याचं टोक दातांत धरलं.

झाकण लागलं. एकानं सवयीनं विचारलं, "कवा मिळंल?" उस्ताद म्हणाले, "शुक्रवारी." एवढं बोलून ते काच असलेली लाकडी चौकट काखेत मारून शांतपणे आत आले, काळ्या खोलीच्या पडद्याखालून ती सरकवली आणि म्हणाले, "पोरी, उजेड लागू दिऊ नगं." बायकोनं ती मुलीच्या दुपट्यात गुंडाळली आणि मुलीला वर निजवलं. बाहेर मागच्या रांगेतले बरेच जण पांगले होते. फोटो झाला की निघायचं, हीही वीस वर्षांची सवय. उरलेल्यांच्या मात्र आता ध्यानात आलं की आपण सगळे त्या काचेवर उमटलो आहोत.

त्यांनी कॅमेरा फोडला. मग ते स्टुडिओत शिरले. पडद्याच्या फटीतून मला उस्ताद खुर्चीवर पाडलेले दिसत होते. तोंडातून रक्त येत होतं, एक डोळा बंद झाला होता.

"काच कुठं हाय?" खंडूनं विचारलं.

"कॅमेऱ्यात हुती. फोडलीसा की तुमीच."

"मला डाव दावू नगा उस्ताद. तुमीच शिकवलंय."

त्यानं उस्तादांचा उजवा हात खुर्चीच्या हातावर आडवा धरला आणि मनगट खाली दाबलं. तो डाव त्याला उस्तादांनीच दाखवला होता. मान फिरवताना येई तसाच कटकन आवाज आला आणि हाड कातडी फोडून बाहेर आलं. उस्तादांनी आमच्या पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आमची मुलगी झोपली होती. ती एकदा रडली असती तर हे लिहायला मी नसतो.

जाता जाता त्यांनी आमच्या ओसरीला टेंभा लावला, पण आता ते थोडे होते. शेजाऱ्यांना तेवढ्यानं धीर आला आणि घागरी निघाल्या. ओसरी गेली. घर राहिलं.

चार दिवसांनी फौजदार काच मागायला आला. उस्ताद हात गळ्यात बांधून बसले होते. ते म्हणाले, "फोटो गिऱ्हाइकाचा असतो. सरकारनं फोटो काढला न्हाई." मी संतापलो. तुमचा हात मोडला, माझी ओसरी जळाली, पुरावा दुपट्यात आहे, आणि तुम्ही दुकानदारी कसली करताय, असं मी त्यांना बरंच सुनावलं. त्यांनी गळ्यातली झोळी सारखी केली.

"मास्तर, तुरुंगात गेला की हरेक जन म्हनंल, म्या न्हवतोच तिथं. लोक हार घालून परत आनतील." मग म्हणाले, "शुक्रवारी दितो म्हनलो हुतो."

माझ्या बायकोनं त्यांच्या सांगण्याप्रमाणे काच धुतली, प्रती काढल्या, पुठ्ठ्यावर चिकटवल्या. आणि शुक्रवारी उस्ताद डाव्या हातात गठ्ठा घेऊन निघाले. फोटोत ज्याचा चेहरा ओळखू येत होता त्याच्या दारी गेले. "फोटो तयार हाय," एवढंच बोलून पुठ्ठा त्याच्या बायकोच्या नाहीतर आईच्या हातात देत. काहींनी तो चुलीत घातला. पण घरातल्या माणसांनी आधी पाहिलेला असे.

रावसाहेबांनी मध्यंतरी बिल्ला उतरवून पांढरी टोपी चढवली होती. त्यांनी गावात शांतता समिती काढली आणि उस्तादांच्या बांधलेल्या हाताशेजारी बसून नगरहून आणवलेल्या फोटोग्राफरकडून फोटो काढवण्याची इच्छा दाखवली. उस्ताद म्हणाले, "काढू की. पर चापट मारायचा हात मोडलाय, तुमचा चेहरा यायचा न्हाई."

ती अमावास्या आली. सतरंजीच्या मधोमध तोच फोटो होता. पुढची रांग बसलेली, मागची उभी, पायाशी डबे ओळीनं मांडलेले, आणि मधोमध खंडू, सगळ्यांत स्वच्छ. माणसं आली, भिंतीला टेकून उभी राहिली, कुणी बसलं नाही. उस्तादांनी छडी डाव्या हातात घेतली होती, पण ती मांडीवरच राहिली. शेवटी खंडू पुढे आला.

"उस्ताद, माजं तोंड काडून टाका त्यातनं. सोयरीक जमत न्हाई. पावनं येत्यात, आधी फोटो बगू म्हंत्यात."

उस्तादांनी काच मागवली आणि डाग खरवडायचं बारीक पातं त्याच्यापुढे ठेवलं. "तूच खरवड. माजा हात तू ठिवला न्हाईस."

खंडूनं काच मांडीवर घेतली. एवढा मोठा गडी, पण पातं धरताना त्याची बोटं पोरासारखी दिसत होती. त्यानं आपला चेहरा कोपऱ्यापासून हळूहळू खरवडून काढला. उस्ताद जवळून बघत होते. "डोळं ऱ्हायले," ते म्हणाले. त्यानं डोळेही काढले. काचेवर जे खरवडलं ते कागदावर काळं उमटतं. त्यानंतरच्या प्रतींत पन्नास माणसांत एकालाच तोंड नव्हतं, तिथं शाईचा थेंब पडावा तसा डाग होता, आणि जो कोणी फोटो बघे त्याचं बोट आधी त्या डागावर जाई. हे असं होणार हे उस्तादांना माहीत होतं की नाही, ते मी विचारलं नाही. ते मिशीत हसले, त्यावरून माहीत असावं.

हात काही बरा झाला नाही. जखम चिघळत गेली आणि श्रावणात उस्ताद गेले. जनाज्याला गाव होतं. खंडू ओढ्याच्या पलीकडच्या काठानं, जनाजा चालेल तसा चालत होता. अलीकडे आला नाही.

पुढल्या फाल्गुनात अमावास्येला मी स्टुडिओ उघडला. नवे फोटो नव्हतेच, म्हणून मागल्या वर्षीचेच मांडले. चारदोन माणसं आली. नुकताच बदलून आलेला एक पोस्टमास्तर सहज आत डोकावला आणि वाकून बघू लागला. त्याचं बोट नेमकं डागावर गेलं.

"हा कोण हो? तोंड जळालंय का याचं?"

जमलेली माणसं दुसरे फोटो बघू लागली. गावानं वर्षभर त्या प्रश्नाला असंच नजर वळवून उत्तर दिलं होतं. मीही सतरंजीची घडी उगाच सारखी करत राहिलो.

"म्या हाय त्यो," दारातून आवाज आला.

खंडू उंबऱ्याबाहेर उभा होता. केव्हापासून, कोण जाणे. पोस्टमास्तरानं एकदा डागाकडे आणि एकदा त्याच्याकडे पाहिलं. "म्याच," खंडू पुन्हा म्हणाला. "ह्या दुकानवाल्याचा हात म्या मोडला. त्यात त्यो मेला." आणि तो तसाच उभा राहिला. डोळे उघडे, तोंड मिटलेलं, अजिबात न हलता.

फोटो घ्यावा असा चेहरा होता. आणि तिकाटण्यावर कॅमेरा नव्हता.