दोन दिवसांच्या बाळाचं पाप

त्या बाईचं नाव मी विचारलं नाही. कोल्हापुरात माझी नातसून बाळंत झाली, तेव्हा शेजारच्या खाटेवर तिची सून होती. बाई माझ्याच वयाची, गळ्यात क्रॉस, बोलण्याआधी पदरानं ओठ पुसायची सवय. तिचा दोन दिवसांचा नातू आतल्या खोलीत काचेच्या पेटीत होता. डॉक्टरांनी आशा सोडली होती.

आमच्या बाळाची पाचवी होती. सटवाई नशीब लिहायला येते म्हणून मी त्याच्या उशाशी कोरा कागद आणि पेन ठेवत होते. तेवढ्यात ती बाई वाटीत पाणी घेऊन उठली.

"फादर वाटंत हाईत, पण पोर थांबायचं न्हाय. मीच बाप्तिस्म्याचं पाणी घालतो. पाप तरी धुऊन जाऊ दे."

माझ्या हातातलं पेनच पडलं. "कसलं पाप? त्यानं अजून दूधबी ओढलं न्हाय की!"

"त्यानं न्हाय केलं. जगातल्या पहिल्या आईबापानं देवाचं ऐकलं न्हाय, ते समद्यांच्या वाट्याला आलंय."

"मरत्या लेकराला पापी म्हणतीस? लाज वाटत न्हाय?"

तिनं ओठ पुसले. "आणि तुझी सटवाई लेकराला इचारून लिहिती व्हय गं?"

एवढ्या वयात मला हे कुणी विचारलं नव्हतं.

नर्सनं तिला आत घेतलं. काचेतून मी पाहिलं, तिनं पोराच्या कपाळावर पाणी सोडलं आणि वाकून त्याला त्याचं नाव सांगितलं.

मी पेन उचललं, टोपण लावलं आणि पिशवीत टाकलं. बाळाच्या उशाशी नुसता कोरा कागद ठेवला.