वीतभर तुकडे

शर्टांच्या कारखान्यात मास्तर कापड कापतात. टेबलावर थरावर थर अंथरायचे, वर पाठ, बाही, कॉलरचे साचे मांडायचे आणि कटर फिरवायचा. साचे मांडताना ते कडेला वीतभर कापड सोडत. जमत नव्हतं म्हणून नव्हे. त्या तुकड्यांतून मागच्या खोलीतल्या बायका झबली-टोपडी शिवत, त्यावरच त्यांची कमाई चाले. कारखान्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कोणी नसे. त्या बायकांत मास्तरांची वहिनीही होती. भाऊ गेल्यापासून ती त्यांच्याच घरी राहत होती.

एके दिवशी मालक टेबलापाशी आले. “मास्तर, पोत्यानं कापड मागं जातंय. शेजारचा माझ्याहून स्वस्त विकतो, तो काय जादूनं? तुम्हाला जमत नसेल तर जमणारा आणतो.”

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी बाह्या उलटसुलट मांडल्या, काखेच्या खोलगटात कफ बसवले. तेवढ्याच कापडात जास्त शर्ट निघाले. मागच्या खोलीत नुसत्या दोऱ्यासारख्या पट्ट्या गेल्या.

“यातून काय शिवायचं?” एक बाई म्हणाली. “मुंग्यांना लंगोट?”

सगळ्या हसल्या. वहिनी म्हणाली, “ऑर्डरच तशी असेल गं. आमचे भाऊजी उगाच नाही करायचे.”

घरी मास्तर खाली मान घालून जेवत. सांगायला वेळ भरपूर होता. ते बोलले नाहीत.

महिनाअखेर खोलीला कुलूप लागलं. मास्तर मालकांकडे गेले. “वहिनींना शिलाईत घ्या.”

“तिथं गरज नाही,” मालक म्हणाले. “आणि कमीत कसं भागवायचं, ते तुम्हीच दाखवलंत ना!” त्यांनी खुशीत मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. पगारही वाढवला.

वाढ घरी कळली, तेव्हा मास्तरांची बायको हरखली. वहिनी कपड्यांच्या घड्या करत होती. तिने विचारलं, “भाऊजी, खोली बंद पडणार हे तुम्हाला पहिल्या दिवशीच माहीत होतं ना?”

मास्तरांनी होकारार्थी मान हलवली.

“मग तेव्हाच सांगायचं होतं. दुसरीकडे विचारलं असतं. आता साऱ्याजणी एकदमच दारोदार फिरतोय.” तिने घड्या बॅगेत भरून चेन ओढली. “बहिणीकडे जाते. तुमच्याही घरातलं एक ताट वाचेल.”

“असं नका बोलू, वहिनी,” मास्तर म्हणाले.

“थांबा” मात्र म्हणाले नाहीत. बॅग उचलून बसस्टॉपपर्यंत नेली.