खिशात हात घालून बसलेले काका

काहीही न करण्यासाठी आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी जेवढे कष्ट उपसले, तेवढे काम करण्यासाठी उपसणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. अंबरनाथच्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीत ते फिटर होते, आणि कंपनीतून सुटले की खरवईतल्या आमच्या इमारतीचे होते. कुणाचा मिक्सर, कुणाचं कुलूप, कुणाचा गळका नळ, काका कशालाही नाही म्हणत नसत. पैसेही घेत नसत, फक्त त्या वस्तूचे हाल केल्याबद्दल घरातल्या सगळ्यांना झापत. माझी इस्त्री दुरुस्त करताना वायर कशी गुंडाळावी यावर त्यांनी मला वीस मिनिटं सुनावलं होतं, आणि ऑफिसात बारा माणसांवर हुकूम चालवणारी मी मान खाली घालून ऐकत होते.

मग कंपनी बुडाली. एके सकाळी फाटकाला कुलूप आणि बाजूला लिक्विडेटरची, म्हणजे कंपनी विकून ज्याचं त्याला देण्यासाठी नेमलेल्या साहेबांची नोटीस. कामगारांचं थकलेलं कधी मिळेल हे साहेबांनाही सांगता येईना. पण मालक बुडाला की कामगाराला सरकारी विम्यातून काही महिने बेकारी भत्ता मिळतो, आणि तोवर दवाखान्याची सोयही चालू राहते. काकूंच्या हृदयाची झडप बदलायची होती, नंबर लागायला अवकाश होता, त्यामुळे काकांचा जीव त्या दवाखान्याच्या कार्डात अडकला होता. त्यांनी अर्ज भरला. अर्जात एक ओळ होती, ‘मी सध्या कोणतेही काम करत नाही.’ बाकीच्या कामगारांनी तिच्याखाली सही केली. काकांनी ती वाचून सही केली, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

“कोणतेही म्हणजे कोणतेही,” त्यांनी मला दुसऱ्याच दिवशी बजावलं. “उद्या कुणी तक्रार केली तर कार्ड बंद. तुझा नळ गळू दे, पोरी. मी सही केलीय.” काकूंनी लोणच्याची बरणी पुढे केली, तर झाकण फिरवणं हे फिटरचं काम की नवऱ्याचं, यावर त्यांनी अख्खी दुपार घालवली. तोवर काकूंनी चिमट्याने बरणी उघडून जेवणही उरकलं. उल्हासनगरचा एक जुना ओळखीचा, मोटर दुरुस्तीवाला सिंधी दुकानदार मुद्दाम घरी आला. “साईं, घर बैठके मोटर बांधो, किसको पता चलेगा?” काका उसळले, “अरे, मला पता चलेगा ना!” दुकानदार चहा पिऊन हळहळत निघून गेला.

एवढं करून व्हायचं ते झालंच. काका विमा कार्यालयात हजेरीला गेले असताना तिथल्या साहेबांच्या डोक्यावरचा पंखा डुगडुगत होता. काकांनी अर्धा तास दम धरला, मग स्टुलावर चढून बोल्ट आवळला, खाली उतरले आणि म्हणाले, “जयभीम साहेब. आत्ता तुमच्यासमोर काम केलंय. लिहून घ्या.” साहेब बिचारे भले होते. “काका, फुकट केलंत ना? मग ते काम नाही. शेजारपाजारचं बिनधास्त करा.” काका म्हणाले, “लेखी द्या.” तसं लेखी द्यायचा फॉर्मच नव्हता. काका घरी आले ते विजयी मुद्रेने. “बघ, साहेबाला पण खात्री नाही!” आणि त्या दिवसापासून पथ्य दुप्पट कडक झालं.

एका रविवारी सोसायटीचा पंप बंद पडला. सगळी इमारत रिकाम्या बादल्या घेऊन काकांच्या दारात उभी राहिली. काकांनी मार्ग काढला. बोलण्याला काम म्हणत नाहीत, म्हणत असते तर आपले पुढारी केव्हाच कामगार ठरले असते, असं त्यांचं मत पडलं. ते पंपाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले, दोन्ही हात खिशात घातले आणि मला ओढणी खोचून जमिनीवर बसवलं. “बारा-तेराचा पाना घे. अगं, तो चौदाचा! उलटा फिरव. उलटा म्हणजे तुझ्या मनासारखा नाही!” माझा पाना चुकीच्या बाजूला वळला की त्यांचा खिसा बरोबर बाजूला वळायचा. दोन तासांनी पाणी चढलं. काकू वरून म्हणाल्या, “घरात पुतळा बसवला असता तर परवडलं असतं, तो बोलत तरी नाही.”

मग हेच सुरू झालं. काका खुर्चीत, आम्ही जमिनीवर. पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त बाई प्लग बदलू लागल्या, मी नळाचे वॉशर घालू लागले. काकूंचं ऑपरेशन त्याच कार्डावर झालं, त्या बऱ्या होऊन घरी आल्या, आणि थोड्याच दिवसांनी भत्त्याची मुदत संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका मोकळे झाले. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते एकेका दारावर गेले. जिन्यातून मला ऐकू येत होतं. “काही बिघडलंय का?” आणि प्रत्येक दारातून तेच उत्तर, तेही कौतुकाने, “नाही हो काका, आमचं आम्हीच केलं. तुम्हीच तर शिकवलंत!” माझ्या दारात पोचेपर्यंत त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. इतके दिवस आम्ही त्यांच्यावर हसलो, पण आपण त्यांचं काय काढून घेतलं हे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

“बरं झालं आलात, मिक्सर सकाळपासून घरघरतोय,” मी म्हटलं, त्यांना बसवलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन त्यांनीच शिकवलेल्या पद्धतीने खालचे दोन स्क्रू ढिले केले.

काकांनी मिक्सर उलटा केला, स्क्रूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “हे आपोआप ढिले होत नाहीत, पोरी.” मी गॅसकडे बघत राहिले. दोन मिनिटांचं काम होतं. त्यांनी वर्तमानपत्र पसरलं, सगळा मिक्सर खोलला आणि एकेक भाग पुसून ओळीने मांडायला घेतला.

“तुला घाई नाही ना?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

ऑफिसची वेळ केव्हाच टळून गेली होती. “अजिबात नाही,” मी म्हटलं.