बसून काम करणाऱ्यांसाठी

करडी गावच्या निर्मलाबाईच्या हातात माप होतं. तांदूळ काढायला ती कधी वाटी घेत नसे. घरात जेवणारी माणसं मनात धरायची, तेवढ्या मुठी टाकायची, आणि शेवटच्या ताटात भात पडला की भाताचा गंज रिकामा. शिळं उरत नसे आणि कोणी अर्धपोटी उठत नसे. गावातल्या बायका तिला कडक म्हणत, आणि ती होतीच कडक. त्यात चौथी शिकलेली. आळीत आलेली पत्रं तीच वाचून दाखवायची, त्यामुळे लिहिलेल्या गोष्टीवर तिचा फार भरवसा. बोललेलं माणूस फिरवतो, कागद फिरत नाही, असं ती म्हणायची. तो भरवसा थोडा कमी असता तर बरं झालं असतं.

तिचा नवरा केवळराम. सहा एकर धानाची शेती, बोडीचं, म्हणजे शेततळ्याचं, पाणी, एक बैलजोडी, आणि साकोलीला दिलेली एकुलती एक पोरगी चंद्रकांता. माणूस गोल, हसरा आणि जेवणाचा मोठा शौकीन. वरणभातावर बसला की उठायचं नाव घेत नसे, आणि वर वाडगाभर पेज प्यायचा. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली तरी निर्मलाबाईला त्याच्या जेवण्याचं कौतुक होतं, फक्त ते ती बोलून दाखवत नसे.

चौऱ्याहत्तरच्या वैशाखात त्याच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती भरेना. तहान थांबेना. दोघं भंडाऱ्याला एका डॉक्टरकडे गेली. लघवी तपासली आणि साखरेची बिमारी निघाली. डॉक्टर घाईतला, पण वाईट नव्हता. वजन पाहिलं, एक्क्याण्णव किलो. म्हणाला, "पंधरा किलो उतरवा. नाहीतर आज अंगठा आहे, उद्या पाय जाईल." मग पेन काढून त्याने विचारलं, "काम काय करता?"

वैशाखातल्या धानाच्या बांधीत, बांध घातलेल्या शेतात, नुसती भेगाळलेली माती. धानाच्या मुलखात त्या महिन्यात कोण काय करतो? केवळराम हसत म्हणाला, "काही नाही साहेब, बसून आहो."

डॉक्टरने खण उघडला. आत छापील कागदांचे दोन गठ्ठे होते. त्यातल्या उजवीकडच्यातला एक कागद काढून त्याने टेबलावर सरकवला, जेवणाआधी घ्यायच्या गोळ्या लिहून दिल्या आणि दोन महिन्यांनी या म्हणून सांगितलं. परतीच्या बसमध्ये निर्मलाबाईने तो कागद मोठ्याने वाचला. वर लिहिलं होतं, 'बसून काम करणाऱ्यांसाठी'. खाली एका जेवणाला दोन लहान वाट्या भात, एक वाटी वरण, भाजी. साखर, गूळ, बटाटा, पेज बंद.

"बसाचं काम आपल्याले जमते," केवळराम म्हणाला, आणि दोघं हसली. त्या कागदावर दोघं मिळून हसली ती तेवढीच.

तिने तो कागद चुलीशेजारच्या भिंतीला खिळ्याने ठोकला आणि आपल्या मुठीचं माप मोडलं. बाजारातून एक लहान स्टीलची वाटी आणली. त्या वाटीने ती नवऱ्याला भात घालू लागली, वरून बोट फिरवून, सपाट. पहिले आठ दिवस तो रुसला. मग सवय झाली. उन्हाळ्याचे दिवस, काम नाही, दुपारी परसातल्या आंब्याखाली पडून राहायचं. तेवढ्या अन्नावर भागत होतं. दर पंधरा दिवसांनी तो गावाजवळच्या धानगिरणीत जाऊन पोती तोलायच्या काट्यावर उभा राहायचा. गिरणीतला यादोराव वजनं चढवायचा आणि ओरडायचा, "अजूनही पोत्याहून जड आहेस बापा!" एक्क्याण्णवचे सत्त्याऐंशी झाले. सत्त्याऐंशीचे चौऱ्याऐंशी. अंगठ्याची जखम भरली. निर्मलाबाई तो आकडा कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवायची. इतकी खूश ती चंद्रकांताच्या लग्नातही दिसली नव्हती.

त्या साली पाऊस लांबला आणि आला तो सगळीकडे एकदम. साऱ्या गावांचे रोवणे, म्हणजे धानाच्या लावण्या, एकाच पंधरवड्यात आले. मजूर मिळेना. ज्यांच्याकडे दरवर्षी पंधरा बाया रोवायला यायच्या त्यांना सहा मिळाल्या. निर्मलाबाईकडे गावातली मजूर बाई धुरपता आली, तिच्याबरोबर चार जणी. गडी एकही नाही. मग चिखलणीला केवळराम स्वतः उतरला. सकाळी उजाडताच बैल जुंपायचे, गुडघाभर चिखलात दिवसभर त्यांच्यामागे चालायचं, मध्येच पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जुड्या डोक्यावर घेऊन धुऱ्याधुऱ्याने, बांधावरून, बायांपर्यंत न्यायच्या. वैशाखात बसून असलेला माणूस आषाढात बैलाच्या बरोबरीने राबत होता. भिंतीवरचा कागद मात्र तोच होता. भंडाऱ्याला परत जायचे दोन महिने याच दिवसांत भरले, पण रोवणा टाकून डॉक्टरकडे कोण जातो?

तिसऱ्या दिवशी ताट समोर आलं तेव्हा केवळरामने ते तिच्याकडे सरकवलं.

"एक वाटी जास्त टाक वो."

"कागदात दोन आहेत."

"बैलायले कामाच्या दिवसात सरकीची ढेप चारतेस, अन मले त्याच दोन वाट्या?"

"बैलायले साखर नाही झाली."

"अवो, चिखल तुडवून तुडवून पोटात खड्डा पडून राहिला माह्या."

"पडू द्या जी. जेवढं घामानं गेलं तेवढंच तोंडानं परत घेतलं, त मंग उतरलं काय? एवढं काम कायले केलं?"

 खरं तर तिचं म्हणणं कोणालाही पटण्यासारखंच होतं. काम करून वजन उतरत असेल तर खाऊन ते पुन्हा का चढवायचं? तिने गोळी त्याच्या हातावर ठेवली, तांब्या पुढे केला आणि दोन वाट्या भात वाढला. अंगातली साखर ती गोळी उतरवत होती आणि चिखलही उतरवत होता, आणि भरून काढायला वरून काहीच येत नव्हतं. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. कागदावरही नव्हतं. निदान उजव्या गठ्ठ्यातल्या त्या कागदावर नव्हतं.

रविवारी तो काट्यावर उभा राहिला तर सत्त्याहत्तर. यादोराव या खेपेला ओरडला नाही. "केवळ, तोंड उतरलं रे तुहं," एवढंच म्हणाला. निर्मलाबाईने कोपऱ्यात ७७ लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली. आणखी एक किलो, की झालं.

मग त्याचे हात कापू लागले. सकाळचे दहा वाजले की थंड हवेतही घाम सुटायचा. बैलांवर खेकसायचा, बायांवर खेकसायचा, जन्मात कधी खेकसला नव्हता तो माणूस. निर्मलाबाईला वाटलं, खायला मिळत नाही म्हणून राग काढतो आहे. एका दुपारी तो धुरपताच्या झोपडीपुढे बसून वाडग्याने पेज पिताना तिला दिसला. ती तिथेच रस्त्यावर उभी राहून बोलली, "दुसऱ्याच्या दारात मागून पेतेस? लाज सोडली काय?" रागाच्या भरात तिच्या तोंडचं 'तुमी' गळून पडलं, हे तिचं तिलाही कळलं नाही. केवळरामने वाडगा खाली ठेवला. म्हणाला, "पेज प्यालो की हात थांबते माहे. पाह्य बरं." आणि त्याने हात पुढे करून दाखवला. हात खरंच स्थिर होता. तिने तो पाहिला आणि मान फिरवली. हा हात तिला पुढे बारा वर्षं रोज दिसत राहिला.

रोवण्याच्या शेवटच्या दिवशी शेवटची बांधी झाली की धुऱ्यावर बसून सगळ्यांनी गूळपोहे खायचे, ही त्यांच्या घरची सासऱ्यापासूनची रीत. त्या दिवशी केवळराम उजाडल्यापासून चिखलात होता. गोळी घेतली होती, पण बांधी उरकायच्या घाईत न्याहारीला आला नव्हता. दुपारी बाया हातपाय धुऊन धुऱ्यावर टेकल्या. निर्मलाबाईने परातीत पोहे काढले आणि गुळाचे खडे फोडून ठेवले. केवळराम आला. घामाने निथळत होता, ओठ पांढरे. त्याने परातीत हात घातला आणि गुळाचा एक खडा उचलला.

तिने त्याचं मनगट धरलं. बोटं उघडून खडा काढून घेतला, लहान पोराच्या हातातून काढावा तसा.

"पंधरातला एक किलो राहिला अन आता चोरी करता?"

बाया हसल्या. केवळरामही हसला, पण हसताना तो कुठेतरी दुसरीकडेच पाहत होता. अन्न वाया जाऊ नये म्हणून निर्मलाबाईने तो खडा पदराच्या टोकाला बांधला.

तो धुऱ्यावर बसला, मग आडवा झाला. काहीतरी पुटपुटू लागला. तिला "चंद्रकांता" म्हणाला. मग "माय" म्हणाला. धुरपता उठून जवळ आली, त्याच्या कपाळाला हात लावला, आणि म्हणाली, "बाई, थोडासा गूळ तोंडात टाकून पायता काय? त्या दिवशी पेज प्याले त बरे झाले होते."

"साखरेच्या माणसाले गूळ? मारतेस काय त्यायले?"

धुरपता मागे सरकली. मजुरी करणारी बाई, मालकिणीपुढे ती किती बोलणार? त्यांनी त्याच्या तोंडावर पाणी मारलं, बैलबंडी जुंपली, चिखलाच्या वाटेने सडकेवर आणलं. दुपारची बस गेली होती. पुढची यायला अडीच तास लागले. ते अडीच तास निर्मलाबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन सडकेच्या कडेला बसली होती आणि पदराने त्याचा घाम पुसत होती. त्याच पदराने.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात सलाईन लावलं. तो शुद्धीवर आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. तिथला एक तरुण डॉक्टर तिला व्हरांड्यात भेटला, पोरगेलासाच होता, काय बोलावं ते त्याला अजून शिकायचं होतं. गोळी घेतली होती का, न्याहारी केली होती का, काम काय करत होते, असं त्याने विचारलं. तिने सांगितलं. तो हळहळून म्हणाला, "अहो, साखर फार उतरली होती. इतकं काम करणाऱ्याला जास्त खायला हवं, गोळी कमी हवी. घाम सुटला तेव्हाच एखादा गुळाचा खडा तोंडात घातला असता तरी निभावलं असतं."

 तिचा हात आपोआप पदराच्या टोकाकडे गेला. गाठ तशीच होती. आतला गूळ घामाने पाझरून लुगड्याला चिकटला होता.

दिवस उरकल्यावर चंद्रकांता तिला साकोलीला न्यायला आली, पण ती गेली नाही. शेत बटईने, अर्ध्या वाट्यावर, दिलं. कागद भिंतीवरच ठेवला, ७७ खाली ओढलेल्या रेघेसकट. लोक म्हणाले, केवळरामला साखरेने नेलं. तिने कधी दुरुस्त केलं नाही. खरं काय ते दोघींनाच ठाऊक होतं, आणि धुरपताने ते कोणाला सांगितलं नाही. दोघी बांधावर भेटायच्या, पावसाचं, पऱ्ह्यांचं बोलायच्या आणि आपापल्या वाटेने जायच्या. एकदाच कधीतरी धुरपता म्हणाली, "बाई, तुमाले काय माहीत होतं?" निर्मलाबाई म्हणाली, "तुले त माहीत होतं ना." त्यावर धुरपता रडली, आणि निर्मलाबाईला तेही पाहवेना.

गावात तिला आता कोणी कडक म्हणत नसे. तिच्या दारात आलेला माणूस खाल्ल्याशिवाय जाऊ शकत नसे. रोवण्याच्या दिवसांत ती परात घेऊन दुसऱ्यांच्याही धुऱ्यावर जायची आणि काम संपायची वाट न पाहता सकाळीच प्रत्येकाच्या हातावर गूळ ठेवायची. म्हातारीचा हात सैल झाला, असं नवी पोरं हसत म्हणायची. स्टीलची ती लहान वाटी तिने बोडीत टाकून दिली होती. मुठीचं माप मात्र परत आलं नाही. भात कधी उरायचा, कधी कमी पडायचा, आणि एकट्या बाईच्या घरी दोघांचा शिजायचा.

शहाऐंशीच्या वैशाखात तिलाच चक्कर येऊ लागली. चंद्रकांता तिला हट्टाने साकोलीला घेऊन गेली आणि तिथल्या डॉक्टरकडे बसवलं. रक्त तपासलं. साखर निघाली. डॉक्टर म्हणाला, वजन थोडं जास्त आहे, जेवणाचा कागद देतो. त्याने खण उघडला आणि खाली पाहतच विचारलं, "काम काय करता, आजी?"

निर्मलाबाईने दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"वैशाखात काही नाही," ती म्हणाली. "जेठात बांधीतल्या काड्याकुड्या येचतो, धुरे बांधतो. मिरगात पऱ्हे टाकाचे. आषाढात रोवणा, तवा उजाडल्यापासून दिवस बुडेपर्यंत वाकून. आता होत नाही, तरी जुड्या नेऊन देतो. श्रावणात निंदण. मंग भादव्यात..."

चंद्रकांताने तिच्या खांद्याला हात लावला. बाहेर बाकावर माणसं खोळंबली होती. डॉक्टरने घड्याळाकडे पाहिलं आणि तो हसून म्हणाला, "आजी, थोडक्यात सांगा ना."

"थोडक्यात एकदा सांगून झालं साहेब," निर्मलाबाई म्हणाली, आणि भादव्यापासून पुढे सांगू लागली.