लाइनीतली जागा

नीट पुढे धावायला शिकले त्याच्या आधीपासून मला भरभर मागे चालता येतं. यात माझी हुशारी काही नाही. बिरसीच्या आसपास धानाच्या बांद्यांत, चिखलाच्या खाचरांत वाढलेल्या कोणत्याही मुलीला ते येतं. रोवणीच्या दिवसांत बाया चिखलात एका लाइनीत वाकून उभ्या राहतात, पुढ्यात पऱ्हे म्हणजे धानाची रोपं रोवतात आणि सगळ्या मिळून एकेक पाऊल मागे सरकतात. पुढे जायचा प्रश्नच नाही, पुढे नुकतंच रोवलेलं असतं. आमच्या लाइनीची म्होरकी माझी आई, आणि माझी जागा धुऱ्याला, शेताच्या बांधाला लागून, अगदी डाव्या टोकाला. एकदा माझा पाय रोवलेल्या पऱ्ह्यांवर पडला, तर आईने फेकलेला चिखलाचा गोळा पाठीत असा बसला की ती जागा मी आजही बोट ठेवून दाखवीन.

फुटबॉलही त्याच बांद्यांत शिकले, धान कापून झाल्यावर. दोन्ही बाजूंचे धुरे म्हणजे आमचे गोल. पुढे गोंदियाच्या शाळेत खेळाच्या सरांनी मला पाहिलं. समोरून कोणी चेंडू घेऊन आली की मी तिच्यावरची नजर न काढता मागे मागे जायचे, आणि तिचा तोल गेला की चेंडू काढून घ्यायचे. सरांनी हिंदीत सगळ्यांना सांगितलं की या पोरीला पाठीलाही डोळे आहेत, आणि मला बचावफळीत टाकलं. तिथून नागपूर, मग दक्षिणेतला एक क्लब, आणि एके दिवशी फोन आला: क्रोएशियातल्या समुद्रकाठच्या एका छोट्या शहरातल्या क्लबला डावीकडे खेळणारी बचावपटू हवी होती. हंगामापूर्वीच्या सरावाला या, आवडलात तर ठेवून घेऊ, नाहीतर परत जा. परतीचं तिकीट त्यांनी आधीच काढून ठेवलं होतं. मला त्याचा राग आला. अजून माझा पाय तिथे लागला नाही आणि हे मला घरी धाडायच्या तयारीत!

राग होता तेवढाच आनंदही होता. गावात मी ज्याला त्याला थांबवून सांगत सुटले. जन्मापासून डोक्यावर बिरसीच्या विमानतळाची शिकाऊ विमानं घिरट्या घालताना पाहिली होती, त्यांच्याकडे आता मी ओळखीच्या माणसासारखी बघायला लागले. रोवणी तोंडावर आलेली. आई एवढंच म्हणाली की जा, खाऊनपिऊन राहजो, आणि पऱ्ह्यांकडे निघून गेली.

तिथलं मैदान पाहून मला वेड लागायचं बाकी होतं. एवढं सपाट, एवढं हिरवं काही मी पाहिलं होतं ते फक्त पऱ्ह्यांच्या वाफ्यात. पहिल्या दिवशी मी बूट काढून त्यावर चालून घेतलं. प्रशिक्षकबाई लांबून बघत होत्या. पन्नाशीच्या, उंच, केस घट्ट बांधलेले, आणि पांढरं जाकीट इतकं स्वच्छ की जवळ उभं राहायचीसुद्धा भीती वाटावी. त्या फार बोलत नसत. जे सांगायचं ते संघाची कप्तान मला मोडक्या इंग्रजीत सांगे. ती बचावफळीच्या मधोमध खेळायची आणि बाकी आम्हा तिघींना हाकायची.

पहिले काही दिवस मी हवेत होते. माझ्यासमोरून चेंडू घेऊन जाणं कोणाला जमेना. कप्तान माझ्या पाठीवर थाप मारायची आणि मी रात्री झोपेतही हसत असणार. मग आपापसातला सामना झाला आणि माझं विमान धाडकन खाली आलं.

झालं असं. समोरच्या संघातली कोणी आपल्या पुढच्या मुलीकडे चेंडू मारणार, त्याच्या अगदी आधी कप्तान ओरडते. तिच्या भाषेत त्याचा अर्थ ‘बाहेर’. ते ऐकताच चौघींनी एकदम पुढे पाऊल टाकायचं, म्हणजे ती मुलगी आमच्या मागे एकटी पडते आणि ऑफसाइड होते. सोपं आहे. मला अर्थ पाठ होता, मी तो मनात घोकला होता. कप्तान ओरडली, तिघी पुढे गेल्या आणि मी मागे. माझ्या एकटीमुळे समोरची मुलगी ऑफसाइड ठरली नाही. गोल. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी दात ओठ खाऊन ठरवलं की आता पुढेच, आणि पाय मागेच गेला. कप्तानने कपाळाला हात लावला. प्रशिक्षकबाईंनी शिट्टी वाजवून मला बाहेर बसवलं आणि दुसऱ्या दिवशी कप्तानकरवी सांगितलं: आठवड्याच्या शेवटी मोठ्या संघाशी सामना आहे, त्यानंतर निर्णय.

ते परतीचं तिकीट मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं. सकाळी मी आईला व्हिडिओ कॉल केला. तिकडे दुपार, आई बांदीतच होती. तिने हात साडीला पुसले आणि फोन धुऱ्यावरच्या डब्याला टेकवून ठेवला. मागे लाइन रोवत होती. बाया वाकल्या, रोवलं, सगळ्या मिळून एक पाऊल मागे. पुन्हा वाकल्या, पुन्हा मागे. मी बघतच राहिले. माझ्या पायांना झालेला रोग समोर दिसत होता! मी खोलीत एकटीच ओरडले. आणि मग दुसरी गोष्ट दिसली. लाइनीच्या डाव्या टोकाला, धुऱ्यालगत, एका बाईपुरती जागा मोकळी होती. तिथलं रोवायला शेजारची काकू दर वेळी दोन पावलं आडवी सरकत होती.

मी विचारलं, माझी जागा रिकामी काऊन ठेवली?

“वापस आलीस तं लागंल ना तुले,” आई म्हणाली. तिच्या बोलण्यात ना दुःख ना टोमणा.

मी माझं रडगाणं सांगितलं. पाय पुढे जातच नाही, पुढे टाकायला गेले की पाठीत तुझा चिखलाचा गोळा बसेल असं वाटतं. आई आधी पोट धरून हसली, मग कामाची वेळ आठवून तिचा पारा चढला.

“तिथं तुह्या पुढं का रोवलं हाय वं? काही रोवलं नाही ना? मंग टाक ना पाय!”

आणि फोन ठेवून लाइनीत गेली.

सामन्याच्या दिवशी आदल्या रात्रीपासून पाऊस. ते हिरवंगार मैदान दुपारपर्यंत चिखल होऊन बसलं. मी राखीव खेळाडूंच्या बाकावर होते आणि समोर मोठमोठ्या खेळाडू घसरून पडत होत्या. माझे पाय ठरेनात. अरे, ही तर माझी बांदी! मध्यंतरानंतर आम्ही एका गोलने पुढे होतो, तेवढ्यात डावीकडची आमची मुलगी पाय मुरगळून बसली. प्रशिक्षकबाईंनी बाकाकडे पाहिलं, जरा वेळ विचार केला, आणि नाइलाज असल्यासारखं माझ्याकडे बोट केलं.

त्या चिखलात मी जे खेळले ते सांगताना मला लाजायचं कारण नाही. टाच न रुतवता, आधी बोटं टेकवून पाय कसा काढायचा हे मला कोणी शिकवायला नको होतं. त्या घसरत होत्या आणि मी चालत होते. प्रेक्षकांतून कोणीतरी माझ्या नावाने ओरडायला लागलं, म्हणजे चुकीच्या उच्चारात, पण माझ्याच. मग अगदी शेवटी त्यांच्या एकीने लांब चेंडू मारायला पाय उचलला, त्यांची सर्वात वेगवान मुलगी माझ्या खांद्याला खांदा लावून उभी होती, आणि कप्तान ओरडली.

एवढ्याशा क्षणात मी खाली पाहिलं. चिखल होता. पुढ्यात काहीही रोवलेलं नव्हतं.

मी पाय पुढे टाकला. चौघींचे पाय एकाच वेळी पडले. ती मुलगी मागे एकटी, चेंडू तिच्या पायात, चेंडू जाळ्यात, आणि बाजूच्या पंचाचं निशाण वर! गोल रद्द. थोड्या वेळात शेवटची शिट्टी वाजली आणि आम्ही जिंकलो.

यापुढचं मी विचार करून केलं नाही. आमच्याकडे रोवणी संपली की बाया बांदीतला चिखल उचलून मालकाच्या तोंडाला फासतात. मालक कितीही मोठा असो, त्याने ते हसून लावून घ्यायचं आणि बाया मागतील ते द्यायचं. चिखलात काम संपलं होतं, अंगात आनंद मावत नव्हता आणि समोर मालकीण उभी होती. मी दोन्ही मुठी भरून घेतल्या, धावत गेले आणि प्रशिक्षकबाईंच्या दोन्ही गालांना चिखल फासला. पांढऱ्या जाकिटावरही ओघळला.

कप्तानचा चेहरा उतरला. माझं मलाच कळलं की हे काय करून बसले, पण आता चिखल परत घेता येत नव्हता. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत रोवणीचं सांगितलं, मालकाचं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. गाल पुसले नाहीत. मग पहिल्यांदाच कप्तानला मध्ये न घेता मला विचारलं, “मग तू काय मागतेस?”

मी म्हणाले, “मला ठेवून घ्या.”

त्यांनी माझ्या कपाळाला चिखलाचं एक बोट लावलं. आणि कप्तानला म्हणाल्या की हिचं परतीचं तिकीट रद्द करायला सांग. त्यानंतर कोणी कोणाला चिखल लावला याचा हिशेब राहिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन लावला. आई पुन्हा बांदीत, रोवणी शेवटाला आलेली. फोन पुन्हा त्याच डब्याला टेकवलेला. मी एका दमात सगळं सांगितलं. मालकिणीला चिखल लावला हे ऐकून तिने तोंडावर हात ठेवला, मग विचारलं, “पक्कं ठेवलं?”

“पक्कं.”

तिने पदर कमरेला खोचला. मग फोन तसाच चालू ठेवून वळली आणि लाइनीकडे बघून मोठ्याने म्हणाली, “सरका वं बायाहो, ते धुऱ्याजवळची जागा भरून घ्या. माही पोरगी आता येत नाही.”

बाया हसत, बोलत डावीकडे सरकल्या. काकू धुऱ्याला लागून उभी राहिली. माझी जागा भरली. मग सगळ्या वाकल्या, रोवलं, आणि मिळून एक पाऊल मागे सरकल्या.